येण्याचं कारण

अर्जात एक रकाना असतो. येण्याचं कारण.

म्यानमारच्या सरहद्दीवरून पायी भारतात येणाऱ्यांसाठी केंद्रीय गृहखात्याने डिसेंबर 2024 मध्ये नवे नियम आणले. कोणकोणत्या कामासाठी येता येईल हे त्यात सांगितलं आहे. नातलगांची भेट. औषधपाणी. व्यापार. पर्यटन. खेळाचे सामने. सरकारी काम. परिषदा, चर्चासत्रं. सांस्कृतिक देवाणघेवाण. मी ही यादी तीन वेळा वाचली. 2021 पासून या सरहद्दीवर ज्या कारणाने माणसांची रीघ लागली आहे, ते कारण यादीत नाही. गावावर विमानातून बॉम्ब पडला म्हणून आलो, असं लिहायला जागाच नाही.

ही जागा लिहिणाऱ्याच्या नजरचुकीने राहिली असं मला वाटत नाही. ती ठेवलेलीच नाही. आज मला एवढ्या एका रकान्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी काय होतं ते सांगते. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना 16 किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या डोंगरी लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करता येई. पास वर्षभर चाले आणि एका खेपेला दोन आठवडे राहता येई. गृहमंत्री अमित शहा यांनी 8 फेब्रुवारी 2024 रोजी ही मुक्त ये-जा बंद करणार असल्याचं जाहीर केलं. वर्षाअखेरीला ती पुरती बंद न करता आवळली. 16 चे 10 किलोमीटर झाले. ठरवून दिलेल्या फाटकांवर आसाम रायफल्सच्या जवानांना कागद दाखवायचे, फोटो काढून घ्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे, मग पास. पास 7 दिवसांचा. ज्या फाटकातून आत आलात त्याच फाटकातून परत.

पाहुण्यांसाठी हे नियम चालतील. भाचीच्या लग्नाला आलेला मामा सातव्या दिवशी आपल्या घरी जाईलच. पळून आलेल्या माणसाला सातव्या दिवशी कुठे पाठवणार?

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. आपल्या गृहमंत्र्यांची घोषणा 8 फेब्रुवारीची. त्यानंतर दोनच दिवसांनी, 10 फेब्रुवारीला, म्यानमारच्या लष्करी राजवटीने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. पुरुष 18 ते 35 वयाचे, बाया 18 ते 27 वयाच्या. आपल्याच लोकांवर बंदूक रोखायची, नाहीतर तुरुंगात जायचं. बारावी झालेल्या पोरापुढे, लग्न न झालेल्या पोरीपुढे हे दोनच रस्ते ठेवले गेले. तिसरा रस्ता आपल्याकडे येत होता. आपण तो त्याच आठवड्यात बंद करायला घेतला.

थंतलांग हे नाव आपल्याकडे फार जणांनी ऐकलेलं नसेल. म्यानमारच्या चिन राज्यातलं साधारण दहा हजार वस्तीचं गाव. दहा हजार म्हणजे किती? आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला आठवडी बाजार असतो, हायस्कूल असतं, पतसंस्था असते, दोन-तीन औषधांची दुकानं असतात, सकाळच्या एसटीला उभं राहायला जागा नसते. सप्टेंबर 2021 मध्ये थंतलांगवर लष्कराने मारा सुरू केला आणि अख्खं गाव चालायला लागलं. 29 ऑक्टोबरला एका दिवसात दीडशेहून जास्त घरं जळाली. तोवर ती विझवायला गावात माणूस उरला नव्हता.

हे थंतलांग 10 किलोमीटरच्या पट्ट्यात येत नाही. त्यामुळे तिथल्या माणसाला पास मागायचाही हक्क नाही. जे पट्ट्यात येतात त्यांनी आपण तिथलेच रहिवासी असल्याचा कागद आणायचा. जळत्या घरातून माणूस काय उचलतो? आधी मूल उचलतो. मग म्हातारीला पाठीवर घेतो. हात मोकळा राहिला तर तांदळाचं बोचकं. कपाटातली फाइल शोधत कोणी थांबत नाही. आणि थांबलाच, तर त्या कागदावर शिक्का मारणारी कचेरीही जळालेली असते.

भारत-म्यानमार सरहद्द 1,643 किलोमीटरची. त्यातली 510 किलोमीटर मिझोरामच्या वाट्याला येते. नकाशात बघितलं तर ती रेघ आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती तिआउ नावाची नदी आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि लाल होते, उन्हाळ्यात मात्र पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पार करता येते. चंफाई जिल्ह्यातल्या झोखॉथर गावापाशी तिच्यावर पूल आहे. अलीकडे झोखॉथर, पलीकडे खॉमावी आणि रिहखॉदार. दोन्हीकडच्या बाया एकाच पद्धतीने मूल पाठीशी बांधतात. दोन्हीकडे रविवारी चर्चची घंटा वाजते. सासर इकडे आणि माहेर तिकडे, अशी घरं मोजायला बसलात तर दिवस पुरणार नाही.

पलीकडे थोड्याच अंतरावर रिह दिल नावाचं तळं आहे. मिझो लोकांच्या जुन्या समजुतीप्रमाणे मेलेल्या माणसाचा आत्मा या तळ्यावरून पुढच्या गावाला जातो. मिझोरामचं सगळ्यांत मोठं तळं म्यानमारमध्ये आहे, असं ते सांगतात. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसते. आपल्या परसातल्या विहिरीबद्दल बोलावं तसं बोलतात.

ही रेघ त्यांनी ओढलेली नाही. 1937 साली इंग्रजांनी ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारातून वेगळा काढला आणि 1967 साली दिल्ली आणि रंगून यांनी सरहद्दीचा करार केला. दोन्ही वेळा मधे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. मिझो, चिन, कुकी ही नावं वेगवेगळी आहेत, गोतावळा एक आहे.

आता थोडं जुनं. हे आपल्याला शाळेत शिकवलं गेलं नाही म्हणून मुद्दाम सांगते. 5 मार्च 1966 रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी आजच्या मिझोरामची राजधानी असलेल्या ऐजॉलवर मारा केला. मिझो नॅशनल फ्रंटने बंड पुकारलं होतं, ते मोडायला आपल्याच विमानांनी आपल्याच शहरावर बॉम्ब टाकले. तेव्हा जीव घेऊन पळालेल्या मिझो माणसांतली कित्येक तिआउ ओलांडून चिन टेकड्यांत गेली. पलीकडच्यांनी त्यांना घरात घेतलं. पास मागितला नाही. बंड वीस वर्षं चाललं, 1986 साली करार झाला. त्या बंडात बंदूक घेऊन जंगलात राहिलेले झोरामथांगा पुढे मिझोरामचे मुख्यमंत्री झाले. 1 फेब्रुवारी 2021 रोजी म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा खुर्चीवर तेच होते.

म्हणून पुढे जे झालं ते दिल्लीला कळलं नाही, ऐजॉलला लगेच कळलं.

मार्च 2021 च्या सुरुवातीलाच पलीकडचे काही पोलीस तिआउ उतरून आले. निदर्शकांवर गोळ्या झाडायचा हुकूम त्यांनी मानला नव्हता. पलीकडच्या फालाम जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने चंफाईच्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं: आठ पोलीस तुमच्याकडे आलेत, परत द्या. त्यानंतर 10 मार्चला आपल्या गृहखात्याचं पत्र ईशान्येतल्या चार राज्यांना गेलं. येणाऱ्यांना रोखा, ओळखा, परत पाठवा, आणि कोणाला शरणार्थी म्हणण्याचा अधिकार राज्यांना नाही. झोरामथांगांनी 18 मार्चला थेट पंतप्रधानांना लिहिलं की हे मिझोरामला मान्य नाही, ती आमची माणसं आहेत.

शेजारच्या मणिपूरमध्ये 26 मार्चला सरकारी हुकूम निघाला. अन्न आणि निवारा देणाऱ्या छावण्या उघडू नका. आसरा मागणाऱ्यांना सौजन्याने परत पाठवा. नागरी संस्थांनाही छावण्या उघडू देऊ नका. लोक चिडले आणि तीन दिवसांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. पण तो निघाला होता. भुकेल्या माणसाला जेवू घालू नका, हे भारताच्या एका राज्याने सही-शिक्क्यानिशी लिहिलं होतं. ज्या अधिकाऱ्याने त्याचा मसुदा केला, ज्यांनी तो वाचला, ज्यांनी पुढे पाठवला, त्यातल्या एकाचाही हात अडला नाही, याचा मला आजही राग येतो.

मिझो भाषेत शरणार्थ्याला रालत्लान म्हणतात. राल म्हणजे शत्रू, लढाई. त्लान म्हणजे धावणं. लढाईपासून धावत आलेला. शब्दातच येण्याचं कारण आहे.

आपल्या कायद्यात तसा शब्द नाही. शरणार्थ्यांबद्दलचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा 1967 चा जोडकरार, दोन्हींवर भारताची सही नाही. परदेशातून जीव वाचवून आलेल्या माणसाला ओळखणारा, त्याची नोंद घेणारा, त्याचं म्हणणं ऐकून निकाल देणारा कायदा आपल्याकडे नाही. कायद्याला दोनच माणसं दिसतात: नागरिक आणि परका. परक्याजवळ कागद असले तर पाहुणा, नसले तर गुन्हेगार. 1 सप्टेंबर 2025 पासून परकीयांबद्दलचा नवा कायदा लागू झाला. चार जुने कायदे मोडीत काढून तो केला. कागदांशिवाय आलेल्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शरणार्थ्याची सोय करायची संधी समोर चालून आली होती. ती घेतली नाही.

सूट देताच येत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. त्याच दिवशी सूट देणारा आदेशही निघाला. धार्मिक छळामुळे पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना सूट आहे. 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेल्या आणि नोंद झालेल्या श्रीलंकेतल्या तमिळांना सूट आहे. ही सूट योग्यच आहे, त्या माणसांनीही सोसलं आहे. माझा सवाल पुढचा आहे. लाहोरच्या ख्रिस्ती माणसाचं भय खरं आणि थंतलांगच्या ख्रिस्ती माणसाचं भय खोटं, हे कोणत्या तराजूत तोललं?

न्यायालयांत जाऊन बघा. 3 मे 2021 रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना, म्हणजे तीन पत्रकार आणि त्यांची कुटुंबं, दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात जाऊ द्या असा आदेश दिला. जिथे जीव जाईल तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, हे तत्त्व राज्यघटनेच्या 21 व्या कलमातच आहे असं त्या न्यायालयाने म्हटलं. त्याच्या आदल्याच महिन्यात, 8 एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांना रीतसर प्रक्रिया करून परत पाठवायला हरकत घेतली नव्हती. एकाच देशातून पळालेली माणसं, एकच राज्यघटना. तुम्ही कोणत्या फाटकावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या न्यायमूर्तींपुढे उभे राहिलात यावर जगणं-मरणं ठरतं. कायदा नसला की नशीब उरतं. शशी थरूर यांनी 2015 मध्ये लोकसभेत आश्रयाबद्दलचं खासगी विधेयक मांडलं होतं. ते कायदा झालं नाही.

या देशाला हे जमत नाही असं नाही, म्हणून तर जीव तुटतो. 1959 साली तिबेटी आले, आपण जागा दिली. 1971 साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं आली. माझ्या आजीने जपून ठेवलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात त्या वर्षाच्या शेवटाचं एक पाकीट आहे. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट चिकटवलेलं आहे, निर्वासितांच्या मदतीसाठीचं. टपालखात्याने तेव्हा ते सक्तीचं केलं होतं. पाकिटात काय आहे? पाऊस बरा झाला, धाकटीचं जमतंय, पैसे मिळाले. मोठं काही नाही. पण ज्या घराने कधी बंगाल बघितला नाही, त्या घराने आपल्या चिठ्ठीबरोबर पाच पैसे बनगावच्या छावणीसाठी दिले. देशाने मागितले, माणसांनी दिले, कोणाचं घर बुडालं नाही. ते तिकीट अजून घट्ट चिकटलेलं आहे.

आणि हीच म्यानमारची सरहद्द, हीच वाट, याच दिशेने एकदा आपली माणसं चालत आली होती. 1942 साली जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या तेव्हा तिथे राहणारे लाखो हिंदी लोक पायी निघाले. कारकून, हमाल, सावकार, आया, धोबी. काही आराकानकडून आले, काही तामूवरून मणिपूरच्या बाजूने. पटकी, हिवताप, भूक, चिखल. हजारो वाटेतच गेले. तेव्हाही साहेबाने वाटा वाटून दिल्या होत्या. गोऱ्यांसाठी बरी वाट, काळ्यांसाठी वाईट, आणि आपल्या नेत्यांनी त्याबद्दल सरकारला धारेवर धरलं होतं. साठच्या दशकात तिथल्या लष्करशहा ने विनच्या राजवटीने पुन्हा लाखो भारतीयांना हुसकावलं. त्यातले काही तमिळ मद्रासला पोचले, तिथे मन रमेना म्हणून परत ब्रह्मदेशाकडे निघाले, सरहद्दीवर अडवले गेले आणि मणिपूरच्या मोरेहमध्येच थांबले. त्यांचं देऊळ आजही तिथे आहे. त्याच मोरेहच्या फाटकातून 2024 मध्ये मणिपूर सरकारने म्यानमारच्या माणसांना परत पलीकडे धाडलं, तिकडे युद्ध चालू असताना.

मराठी माणसाला ब्रह्मदेश ठाऊक आहे तो दोन बंदिवानांमुळे. इंग्रजांनी मंडालेचा थिबा राजा रत्नागिरीत आणून ठेवला, तो 1916 साली तिथेच वारला. टिळकांना मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवलं. घरापासून तोडलेल्या माणसाचं काय होतं हे रत्नागिरीकरांनी थिबाच्या राजवाड्याच्या आवारात तीन पिढ्या बघितलं आहे. हे प्रकरण लांबचं आहे, आपलं काय, असं निदान आपण तरी म्हणू नये.

मिझोरामने काय केलं ते आता सांगते. राज्याची सगळी लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 11 लाखांच्या आत-बाहेर. आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. या राज्याने म्यानमारमधली तीस हजारांवर माणसं सांभाळली. त्यातच बांगलादेशच्या चितगाव टेकड्यांतून बॉम लोक आले, आणि मे 2023 नंतर मणिपूरच्या हिंसाचारातून पळालेली हजारो माणसं आली. यंग मिझो असोसिएशनच्या गावोगावच्या शाखांनी, चर्चच्या मंडळांनी तांदूळ गोळा केला, बांबू तोडले, ताडपत्र्या बांधल्या.

तिथे एक जुनी रीत आहे, तिला बुहफाय थाम म्हणतात. मूठभर तांदूळ. घरची बाई चूल पेटवली की शिजवायच्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकते. डबा भरला की चर्चला जातो. 1910 च्या सुमाराला गरीब बायांनी हे सुरू केलं, कारण द्यायला पैसे नव्हते, तांदूळ होता. जेवायला पुरेसं असो-नसो, मूठ निघतेच. आपल्याकडे याला मुष्टिफंड म्हणत. पणजीतल्या मुष्टिफंड संस्थेचं नावच त्यावरून पडलं, आणि कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहांतली पोरं अशाच मुठींवर शिकली. त्या डब्याकडे जवळून बघा. ज्या घरात शंभर वर्षं रोज दोनदा कोणातरी परक्यासाठी एक मूठ बाजूला निघते, त्या घराच्या दारात परका येऊन उभा राहिला तर त्याला पास कोण विचारेल?

आणि शाळा. ऑगस्ट 2021 च्या शेवटी मिझोरामच्या शिक्षण खात्याने जिल्ह्यांना पत्रक पाठवलं. 6 ते 14 वयाच्या, पळून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना शाळेत घ्या. आधार घेतला तो आपल्याच शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाचा. कायद्यातलं बालक म्हणजे बालक, त्याचा देश तिथे लिहिलेला नाही, एवढं त्या खात्याने नीट वाचलं. खूप मोठ्या कचेऱ्यांतल्या खूप हुशार माणसांना जे वाचता आलं नाही ते एका डोंगरी राज्याच्या शिक्षण खात्याला वाचता आलं.

ज्यांना ही माणसं नको आहेत त्यांचंही ऐकून घेते. झोखॉथरच्या वाटेने अमली पदार्थ येतात, हे खरं आहे. बंदुका येतात, सुपारीची तस्करी होते, हेही खरं. मणिपूरमध्ये तिकडून आलेल्यांवरून संशय पेटला आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. मिझोराममध्येही आता कुरबुरी आहेत. काही गावांनी बाहेरून आलेल्यांना दुकानं टाकायला मनाई केली, मजुरीचे दर पडल्याची तक्रार आहे. गरीब राज्याने चार-पाच वर्षं पाहुणे सांभाळले की हे होणारच. मी त्यांना दोष देणार नाही. ज्या देशाच्या दारात ते उभे आहेत त्या देशाने ओझं उचलायला हवं होतं.

पण पास आवळल्याने तस्कर अडत नाही. त्याला पासाची गरजच नाही. त्याला रान ठाऊक आहे आणि त्याच्याकडे पैसा आहे. पास आवळल्याने अडते ती पोर काखेत घेतलेली बाई. ती फाटकावर येऊन नाव सांगायला तयार असते. तिला फाटकावर जागा नसली की तीही रानातून येते, त्याच तस्कराला पैसे मोजून. आपणच तिला त्याच्या हाती देतो. सुरक्षेची खरी काळजी असेल तर जास्तीत जास्त माणसं फाटकावरून यावीत, त्यांची नोंद व्हावी, हेच हवं. जुलै 2025 मध्ये मिझोरामच्या लालदुहोमा सरकारने बोटांचे ठसे आणि माहिती गोळा करायला सुरुवात केली. आधीच्या सरकारने ते नाकारलं होतं. नोंद जरूर करा. पण ज्या माणसाचा ठसा घेता त्याला सांगा की हा ठसा तुझ्या रेशनसाठी आहे की तुला हाकलण्यासाठी. हे सांगणारा कायदाच नाही, म्हणून तो थरथरत्या हाताने बोट पुढे करतो.

कुंपणाचंही बोलणं चालू आहे. सगळ्या 1,643 किलोमीटरना कुंपण घालायचं, सुमारे 31 हजार कोटींचा खर्च. मिझोरामच्या विधानसभेने 28 फेब्रुवारी 2024 रोजी याविरुद्ध ठराव केला, 1 मार्चला नागालँडनेही केला. ज्यांच्या अंगणातून कुंपण जायचं आहे ते दोन सभागृहांत उठून नको म्हणाले. 31 हजार कोटींत चंफाईत केवढं रुग्णालय उभं राहील, हा हिशेब कोणी मांडलेला मी वाचला नाही.

माझी मागणी मोठी नाही. त्या यादीत एक ओळ घाला. जीव वाचवण्यासाठी. तिच्यापुढे 7 दिवस लिहू नका. जो ही ओळ सांगेल त्याचं म्हणणं ऐकायला फाटकावर दुभाष्यासह एक अधिकारी ठेवा, आणि ऐकून होईपर्यंत त्याला कोणी परत ढकलायचं नाही, एवढं कायद्यात लिहा.

2025 च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात पलीकडे पुन्हा गोळीबार सुरू झाला. या वेळी लष्कराशी नाही, लष्कराविरुद्ध लढणाऱ्या दोन चिन गटांतच जुंपली. खॉमावी आणि रिहखॉदारमधली चार हजारांच्या आसपास माणसं भर पावसात झोखॉथरमध्ये आली. नवे नियम लागू होते. झोखॉथरच्या घरांनी दारं उघडली, खोल्या भरल्या तेव्हा ओसऱ्या दिल्या. गोळीबार थांबल्यावर त्यातली काही माणसं आपली बोचकी उचलून परत गेली. कोणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. पलीकडे त्यांचं शेत होतं, लावणीचे दिवस होते.